मालकांच्या गाडीचा हीटर

तारीख: डिसेंबर १९७३ मधला एक रविवार, सकाळ.

ठिकाण: सांगलीत आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घराचं अंगण.

हजर: घरमालक, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकी म्हणायची, बाबू मिस्त्री, माझे यजमान, मी, आणि पुढचं झाकण वर करून उभी असलेली मालकांची विलायती गाडी.

गैरहजर: मालकांची एकुलती लेक. तिच्यासाठीच हे सगळं चाललं होतं. ती कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत, नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये बॅग भरून बसली होती.

तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. रीत अशी की सातव्यात आणायचं. एकदा आठवा लागला की बाईला हलवायचं नाही. सातवा सरत आला होता. त्यात कोयनेला अधूनमधून जमीन हलायची. भांडी वाजायची, लोक अंगणात येऊन उभे राहायचे, पुन्हा आत जायचे. तिथल्या लोकांना त्याची सवय झाली होती, काकींना नव्हती. "तिथं भुई हलती बाई," त्या मला रोज पाणी भरताना सांगायच्या, "आणि माझी पोर तिथं बाळंत व्हणार?"

आणि आम्ही सगळे अंगणात उभे राहून हीटरबद्दल बोलत होतो. सांगलीत. हीटर.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायचे. शाळेचं वेळापत्रक, परीक्षेच्या बैठका, सहलीचं सामान, सगळं माझ्या गळ्यात असायचं, कारण मला कामं ओळीनं लावता येतात. या कामाची ओळ अगदी सरळ होती. एक, गाडी चालू करणे. दोन, कोयनेला जाणे. तीन, मुलीला घेऊन येणे. मालकांनी त्या ओळीच्या डोक्यावर आणखी एक काम आणून बसवलं होतं, आणि ते तिथून हलत नव्हतं.

गाडी धरणावर आलेल्या एका परदेशी इंजिनियरची. तो मायदेशी निघाला तेव्हा मालकांनी ती घेतली. थंड मुलखात बनलेली, म्हणून तिच्यात पुढच्या बाजूला, पायांपाशी, हीटर होता. इंजिनातलं कढत पाणी दोन रबरी पाइपांमधून आत यायचं, पितळी नळ्यांच्या एका जाळीतून फिरायचं आणि परत जायचं. बाहेरचा वारा त्या जाळीवरून आत येताना ऊन होऊन यायचा. जाळी केवढी, तर शाळेच्या वहीएवढी. ती गळायला लागली होती. डावीकडे बसणाऱ्याच्या पायांवर गढूळ पिवळं पाणी यायचं, आणि डावीकडे नेहमी काकी बसायच्या.

बाबू मिस्त्रीनं वाकून बघितलं, हात पुसला आणि सांगितलं, "मालक, ही जाळी काढून टाकू. हे दोन पाइप हायत न्हवं, त्ये एकमेकाला जोडतो. पाणी आतल्या आत फिरंल, गाडी पळंल. चहा गार व्हायच्या आत काम हुतंय."

"आणि हीटर?"

"हीटर कशाला पायजे मालक? उन्हाळ्यात भाकरी भाजायला?"

मालकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की बिचारा पान्याशी चाळा करायला लागला. मग ते वाक्य आलं. येणार हे मला माहीत होतं. माझ्या यजमानांनाही माहीत होतं. ते आधीच घरात निघाले होते.

"बनवणारा काय खुळा व्हता?"

या एका वाक्यावर मालकांचं सगळं आयुष्य उभं होतं. ज्यानं वस्तू बनवली त्यानं विचार करून बनवली, तेव्हा तिच्यात जे जे आहे ते ते चाललं पाहिजे आणि वापरलं पाहिजे, हा त्यांचा धर्म. आमच्या मोरीला दोन नळ होते. दुसऱ्याची काहीही गरज नव्हती, त्याच्याखाली बादलीसुद्धा मावायची नाही. पण तो रोज सकाळी उघडायचा, असा भाडेकरूंना दंडक होता. त्यांच्या रेडिओला चार पट्टे होते. त्यातल्या तीन पट्ट्यांवर नुसती खरखर यायची. संध्याकाळी ते चारही पट्टे क्रमानं फिरवायचे, प्रत्येकावरची खरखर लक्ष देऊन ऐकायचे, मग बातम्या लावायचे. तोवर बातम्या संपलेल्या असायच्या. आमटीतला कढीपत्ता ते चावून खायचे. "घालणारी काय खुळी व्हती?" हे काकींकडे बघत. "व्हय, खुळीच व्हती," काकी म्हणायच्या, "म्हणून तर या घरात पडली."

माझं शिवणयंत्र त्यांनी एकदा पाहिलं. त्याच्याबरोबर आलेल्या डबीत झालर घालायची, काज करायची अशी सुईखाली बसवायची सात-आठ पायटी होती. मी कधीच वापरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मालक मला जिन्यात अडवून विचारायचे, "बाई, झालरीचं पायटं लावलं का न्हाई?" शाळेत जायची घाई, हातात तपासलेल्या वह्या, आणि हा प्रश्न. शेवटी वैतागून मी एका उशीच्या अभ्र्याला झालर लावली आणि नेऊन दाखवली. ते खूश झाले. म्हणाले, "आता काजाचं."

तर असा माणूस हीटर काढू देईल ही आशा व्यर्थ होती. एस्टीनं जाऊन मुलीला आणावं असं मी सुचवलं. ते काकींनी आधीच सुचवून झालं होतं. मालकांचं उत्तर तयार होतं: "घरात गाडी असताना माझी लेक एस्टीनं यील? व्याही काय म्हणतील?" बरं, भाड्याची मोटार? "भाड्याच्या मोटारीत हीटर असतो व्हय?" थंडीचे दिवस, डोंगराची हवा, पोटुशी पोर, आणि गाडीत हीटर असून तो बंद. हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

त्यांचा धंदा हळदीच्या अडतीचा. सांगलीच्या बाजारात त्या वेळी सौदे कसे व्हायचे हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, हातांवर टॉवेल टाकायचे, आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडानं अवाक्षर नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी ठरलं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. आणि ठरलेलं बाहेर फोडायचं नाही, ही त्यातली खरी अब्रू. बाजारात हे शोभत असेल. मालक ते घरी घेऊन आले होते. दूधवाला, धोबी, देवळाचा पुजारी, सगळ्यांशी ते टॉवेलाखाली बोलायचे. आमच्या घरात हिशेबाचं मी बघते, पण बाईमाणसाचा हात धरता येत नाही म्हणून मालक भाड्याची गोष्ट माझ्या यजमानांशी टॉवेलाखाली करायचे. यजमानांना बोटांची ती भाषा येत नव्हती. ते भिडेनं मान हलवायचे, वर येऊन मला सांगायचे, "काहीतरी ठरलंय."

त्या रविवारीही तसंच झालं. मालकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मिस्त्रीचा तेलकट हात त्याच्याखाली घेतला, दोघांचे चेहरे दगडासारखे झाले. टॉवेल उचलला तेव्हा मिस्त्रीनं घाम पुसला आणि डावा दरवाजा उघडून आत शिरला. म्हणजे हीटर दुरुस्त होणार होता.

काकींनी विचारलं, "कवा हुणार?"

"ठरलंय."

"आवं, काय ठरलंय?"

"ते सांगायचं नसतं."

काकी मिस्त्रीकडे वळल्या. मिस्त्रीनं सीटखालून सांगितलं, "काकी, मला कशाला इचारताय? मालकांनी हात धरलाय माझा."

मी माझ्या यजमानांकडे बघितलं. ते खिडकीतून हसत होते.

जाळी निघेपर्यंत दुपार झाली. पुढच्या फळीचे स्क्रू, तारा, काटे दाखवणाऱ्या तबकड्या, हातमोजे ठेवायचा खण, हे सगळं काढून अंगणात घोंगडीवर मांडलं. प्रत्येक वस्तूखाली मी कागदाचा कपटा ठेवून आकडे घातले, नाहीतर ते पुन्हा कधीच जागेवर गेलं नसतं. शेवटी हीटरची पेटी आणि तिच्यातली जाळी बाहेर आली. मिस्त्रीनं तिच्या एका तोंडाला ओठ लावून फुंकलं. दुसऱ्या तोंडातून काही आलं नाही. पुन्हा फुंकलं. डोळे बाहेर यायची वेळ आली, वारा काही पलीकडे जाईना.

"चोंदलीया," तो म्हणाला. "कशानं कुणास ठावं."

कशानं ते मला त्याच्या ओठांवरून दिसत होतं. ओठ पिवळे झाले होते.

रेडिएटर कुठे झिरपायला लागला की आमच्याकडचे ड्रायव्हर त्यात मूठभर हळद टाकतात. हळद फुगते, भोक बुजतं, गाडी घरी येते. मालकांच्या घरात हळदीला काय तोटा? गाडी घेतल्यापासून दर वेळी ते मूठ-मूठ टाकत आले होते. रेडिएटरची भोकं बुजली होतीच, पण ती हळद पाण्याबरोबर फिरत फिरत हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली होती आणि तिथं तिचा दगड झाला होता. नळ्या आतून तटतटून शिवणीला उकलल्या होत्या.

काकींनी जाळी उचलून न्हाणीघरापाशी नेली. तांब्याच्या भांड्याला लावतात तसं चिंच आणि मीठ पाण्यात कालवलं, त्यात जाळी बुडवून खाली चूल पेटवली. पाणी उकळायला लागलं तसे हळदीचे खडे सुटून खाली पडायला लागले. मालक उकिडवे बसून होते. त्यांनी एक खडा उचलला, बोटांत चुरडला, वास घेतला, जिभेला लावला.

"ही आपली न्हवं," ते म्हणाले. "आपली पैली प्रत. पैल्या प्रतीचा असा दगड हुईत न्हाई. कुणीतरी हलकी घातलीया."

"गाडीत हळद दुसऱ्या कुणी घातली?" मी विचारलं.

"हमाल असत्यात, गडी असत्यात."

मला राहवेना. मी म्हटलं, "मालक, बनवणाऱ्यानं गाडीत हळद घालायला सांगितली होती का?"

ते जराही गडबडले नाहीत. "बनवणाऱ्याकडं हळद कुठं व्हती बाई? असती तर त्यानंबी घातली असती."

नळ्या मोकळ्या झाल्या, पण शिवणी उकललेल्याच होत्या. त्या कथलाची झाळ देऊन सांधून घ्यायला हव्या होत्या. सांगलीत झाळकाम करणारे हवे तितके होते. मालकांचा विश्वास साताऱ्याच्या एका तांबटावर. त्यांच्या लग्नातली भांडी त्याच्या बापानं केली होती. झालं. सोमवारी मालक एस्टीनं साताऱ्याला. जाळी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर. तांबटाचा हात टॉवेलाखाली धरून आले, संध्याकाळी परत. कधी मिळणार? ठरलंय.

दोन दिवसांनी पुन्हा साताऱ्याला. तांबटानं जाळी दाखवली, मालकांनी तिच्यात तिथेच पाणी भरून पाहिलं, एका कोपऱ्यातून थेंब आला. परत टॉवेल. परत सांगली. रिकामे हात.

जेवायला बसताना काकींच्या लक्षात आलं ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं. साताऱ्याची गाडी कराडवरून जाते. कोयनेला फाटा कराडातूनच फुटतो.

"दोनदा गेलासा, दोनदा आलासा," काकी म्हणाल्या. "कराडात उतरून पोरीला बघून तरी यायचं. दोन घटका."

"जाताना जाळी व्हती न्हवं मांडीवर," मालक म्हणाले.

"आणि येताना?"

"येताना जाळी न्हवती. मग जाऊन सांगणार काय तिला?"

काकींनी वाढायचं पळी-भांडं खाली ठेवलं आणि उठून गेल्या. ते जेवण मालकांनी स्वतः वाढून घेतलं. कढीपत्त्यासकट.

त्याच दिवशी कोयनेहून जावयाचं कार्ड आलं होतं. मजकूर साधा. प्रकृती ठीक, रविवारनंतर आठवा लागतो, तेव्हा यायचं तर त्याआधी यावं, नाहीतर आई म्हणते इथेच करू. तेवढंच. काकींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "इथंच करू," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मालक तिसऱ्यांदा साताऱ्याला गेले. एस्टी सुटली असेल नसेल, काकींनी मला खाली हाक मारली आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं. मिस्त्री आला. मी त्याला नीट समजावून सांगायला सुरुवात केली: उद्या रविवार, मुदत संपते, गाडी उद्या सकाळी निघालीच पाहिजे, तेव्हा ते पाइप...

"न्हाई बाई," तो माझं बोलणं तोडून म्हणाला. "तुमचं समदं बराबर हाय. पर मालकांनी हात धरलाय. माझ्या बानं सुदिक असा धरलेला हात सोडला न्हाई."

दोरीवर मालकांचा दुसरा टॉवेल वाळत होता, तो काकींनी ओढून घेतला. मिस्त्रीच्या समोर पाटावर बसल्या. त्याचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला.

"काकी, आवं हे काय! मालकीणबाई!" मिस्त्री अर्धा उठला.

"बस खाली. चाळीस वर्सं बघतीया मी. मला काय बोटं न्हाईत?"

मी आयुष्यात असा सौदा पाहिला नाही. मिस्त्री एकदा काकींकडे बघायचा, एकदा फाटकाकडे. कानापर्यंत लाल झाला होता. काकींचा चेहरा मात्र बाजारात बसलेल्या अडत्यासारखा, काही दिसेल तर शपथ. एकदा मिस्त्रीनं मान हलवली, तशी टॉवेलाखाली काहीतरी जोरात दाबलं गेलं असावं, कारण तो "आई गं" म्हणाला. मग टॉवेल उचलला.

मिस्त्री सरळ गाडीकडे गेला. दोन्ही पाइप एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, माझ्या कपट्यांच्या क्रमानं पुढची फळी परत बसवली. दुपारच्या आत गाडी अंगणात गुरगुरत होती.

"काय ठरलं, काकी?" मी विचारलं.

त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "ते सांगायचं नसतं, बाई."

संध्याकाळी मालक आले. हातात जाळी होती, पण एका शिवणीची झाळ राहिली होती. तांबटाचा कोळसा संपला होता की असंच काहीतरी. गाडीचं झाकण त्यांनी उघडलं. जोडलेला पाइप बोटानं चाचपला. मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"कुणी सांगितलं?"

"ठरलंय मालक."

"कुणासंगं?"

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, "टावेलाखाली ठरलंय. कसं सांगू?"

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण मालकांनी पुढे एक शब्द विचारला नाही. विचारता येतच नव्हतं. दुसऱ्याचा सौदा उकरायचा नसतो, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. ते ओट्यावर जाऊन बसले. रेडिओचे चारही पट्टे फिरवले आणि झोपायला गेले.

रविवारी निघालो. मी बरोबर यावं असा काकींचा आग्रह होता आणि मलाही ते बरं वाटलं, कारण सामानाकडे त्या घरात कुणी बघितलं नसतं. दोन घोंगड्या, एक रजई, रबरी पिशवी, थर्मास, ओवा, सुंठ, जुनी धुतलेली लुगडी. मालक काळा लोकरी कोट घालून चाकामागे बसले. बाजारात बसण्याचा कोट. इस्लामपूर, कराड, पाटण. ऊन चांगलं होतं. डावीकडे बसलेल्या काकी मध्येच पाय वर घेऊन मांडी घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "जरा वारं येतंय." पाटणच्या पुढे चढाला इंजिन तापलं, झाकणातून वाफ यायला लागली. थांबून ओढ्याचं पाणी घालावं लागलं. "हीटर चालू असता तर इंजिनची धग त्यानं वढून घेतली असती," मालक म्हणाले. तेवढं एकच वाक्य. पुढे एका ड्रायव्हरनं मला सांगितलं की ते खरं आहे. तेव्हा कळलं असतं तर मी आणखीच चिडले असते.

क्वार्टरच्या दारात लेक उभी होती. भरलेली, पायांना सूज, चेहरा ऊन लागल्यासारखा. तिच्या सासूबाईंनी चहा पुढे केला आणि गोड आवाजात विचारलं, "झाला का हीटर? आठवडाभर ऐकतोय आम्ही, हीटर हीटर."

मालकांनी कप खाली ठेवला. "न्हाई झाला," ते म्हणाले. "तसंच न्यायला आलोय."

या माणसाच्या तोंडून 'तसंच' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

परत निघायला उशीर झाला. ओटी भरणं, निरोप, विसरलेली चप्पल. मागच्या सीटवर तिला मळमळायचं, म्हणून लेक पुढे बसली, आम्ही दोघी मागे. उतरणीला लागलो तेव्हा उन्हं गेली होती. डोंगराची थंडी. आणि मग ते लक्षात आलं, जे मी कागदाच्या कपट्यांच्या नादात आणि मिस्त्रीनं घाईत सोडून दिलं होतं. हीटरची पेटी काढली, पण बाहेरचा वारा तिच्यात आणून सोडणारं मनगटाहून जाड नळकांडं तसंच उघडं राहिलं होतं. गाडी वेगात आली की बाहेरची सगळी थंडी त्यातून आत. थेट लेकीच्या पायांवर, पोटावर. काकी सकाळी पाय वर घेऊन बसल्या होत्या ते उगीच नाही. मुलीला पाय वर घेता येत नव्हते. घोंगडी टाकली तर वाऱ्यानं खाली सरकायची. तिचे दात वाजलेले मागे ऐकू आले.

मालकांनी गाडी कडेला घेतली. उतरले. अंगातला कोट काढला आणि डाव्या दारापाशी गुडघ्यावर बसून तो त्या नळकांड्यात कोंबायला लागले. आधी एक बाही, मग पाठ, मग दुसरी बाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून ठोकून आत, वाकणाच्याही पलीकडे. शेवटी कॉलर तेवढी बाहेर राहिली, तीही त्यांनी अंगठ्यानं दाबली.

"आवं, कोट!" काकी म्हणाल्या.

"गप बस." मग चाकामागे बसून त्यांनी विचारलं, "वारं येतंय का गं?"

"न्हाई, आप्पा."

नुसत्या सदऱ्यावर त्यांनी गाडी सांगलीपर्यंत आणली. मी मागून रजई पुढे केली तर म्हणाले, "गाडी चालवताना कुणी पांघरूण घेतंय व्हय?" हात थरथरत होते, त्यामुळे गाडीही जरा थरथरत होती. पाटण सोडल्यावर, कराडात, पुलावर, इस्लामपूरच्या अलीकडे, सारखं तेच: "वारं येतंय का?" शेवटी लेक वैतागून म्हणाली, "आप्पा, उकडतंय मला. बास." तेव्हा कुठे ते गप्प झाले.

सांगलीत मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी ठणठणीत. मालक महिनाभर खोकत होते.

पुढच्या फेरीत तांबटानं जाळी पूर्ण केली. थेंब नाही. काकींनी ती चिंचेनं घासून लखलखीत केली. आता पेटी बसवायला कोट काढायला हवा होता, आणि कोट आत ओलाव्यानं फुगून घट्ट बसला होता. तो काढायचा म्हणजे पुढची फळी पुन्हा सगळी उतरवायची. मालक म्हणाले, थंडी जाऊ दे. थंडी गेली. म्हणाले, आता उन्हाळ्यात हीटर कशाला? हे त्यांनी म्हणावं! मी पाठ सोडली नाही. आठवड्याला एकदा विचारायचे. दुसरा कोट त्यांनी शिवला नाही. शिंपी आला तर, "कोट हाय की," म्हणायचे आणि अंगणातल्या गाडीकडे बोट करायचे. बाजारात ते सदऱ्यावर जायला लागले. लोकांनी कारण विचारलं तर, "ठरलंय," एवढंच म्हणायचे. काय ठरलेलं? कुणाशी? देव जाणे.

दोन वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली. मालक गेल्या वर्षी वारले. मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं होतं की आता त्या घरातली कामं वेळेवर होतील.

या दिवाळीनंतर लेकीनं मला साताऱ्याला निरोप पाठवला: गाडी विकायची नाही, आम्ही नेणार आहोत, हे चालवतील, तेवढा हीटर बसवून द्यायचं बघा, तुम्हाला क्रम माहीत आहे. मला क्रम माहीत होता. मिस्त्रीला आधी कळवलं, दिवस ठरवला, दोन आकारांचे स्क्रूड्रायव्हर, क्लिपा, फडकी, कपटे घेऊन सकाळच्या एस्टीनं सांगलीला पोहोचले. काम दोन तासांचं.

मिस्त्रीनं डावा दरवाजा उघडला आणि आत वाकला. काकी ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, लांबून आलाय. आधी चहा घ्या. बाबू, तूबी ये."

चहा घेतला. उठलो. काकी म्हणाल्या, "पोहे टाकलेत. गार हुतील." पोहे खाल्ले. मिस्त्रीनं पहिला स्क्रू सैल केला. "बाबू, जरा तेवढा डबा काढून दे रं वरचा," आतून हाक. डबा काढला. त्यात काही नव्हतं. मग जेवणं. मग पुन्हा चहा. पाच वाजता माझी एस्टी होती.

मिस्त्री निघताना हळूच म्हणाला, "बाई, आजचं ऱ्हाऊं द्या." त्यानं सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळून ठेवला होता.

जाळी काकींच्या कपाटात आहे, झाळलेली, घासलेली, तयार. क्लिपा माझ्या पिशवीत आहेत. लेक दर रविवारी निरोप पाठवते. कोट काढायचा आणि हीटर बसवायचा राहिला आहे.